आरोग्यधोरणात परिचारिकेचे स्थान: रात्रीच्या नोंदवहीपासून समितीच्या बैठकीपर्यंत

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात चार वर्षे काम करणाऱ्या परिचारिकेने विचारले आहे: "आरोग्यधोरण ठरवण्यात परिचारिकांची भूमिका असा धडा आम्हाला अभ्यासक्रमात होता. प्रत्यक्षात मात्र परिपत्रक येते, इन्चार्ज सिस्टर ते वहीत चिकटवतात, आम्ही सह्या करतो आणि कामाला लागतो. मग ही भूमिका नेमकी आहे कुठे, आणि माझ्यासारखीने काय करावे?"

मी याच शहरात 33 वर्षे रुग्णालयात काढली. आधी परिचारिका, नंतर परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) आणि अखेरची काही वर्षे सहायक अधिसेविका (अधिसेविका म्हणजे मेट्रन, रुग्णालयातल्या सर्व परिचारिकांची प्रमुख) म्हणून. त्या अनुभवावरून सांगते, की ही भूमिका आहे, पण ती कोणी आणून हातात देत नाही, आणि ती सुरू होते ती वॉर्डातल्या नोंदींपासून. आपण परिचारिका तोंडाने पुष्कळ तक्रार करतो आणि कागदावर फार कमी मांडतो, हे मला इतक्या वर्षांनंतरही खटकते.

धोरण म्हटले की दिल्लीचा कायदा किंवा मंत्रालयाचा शासन निर्णय डोळ्यांसमोर येतो. परंतु रात्रपाळीला एका वॉर्डात किती जणी असाव्यात, कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) कोणत्या प्रतीची घ्यावी, वापरलेली सुई परिचारिकेला टोचली तर पहिल्या दोन तासांत कोणी काय करावे, अतिदक्षता विभागात नातेवाइकाला किती वेळ बसू द्यावे, हे सगळे निर्णय म्हणजेच धोरण आहे, आणि त्यांपैकी बहुतेक निर्णय रुग्णालयाच्याच आवारातल्या किंवा तिथून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या एखाद्या कार्यालयातल्या समितीत होतात. त्या समितीत परिचर्या विभागातून कोणी बसलेले आहे का, आणि बसलेले असल्यास तिच्या हातात काही आकडे आहेत का, एवढ्यावर पुष्कळ काही ठरते.

सर्वांत आधी मनुष्यबळाचे बघू, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजा राखीव म्हणून 30 टक्के पदे वेगळी धरावीत. हे ऐकून बाहेरच्या माणसाला वाटते, की एका सिस्टरकडे तीनच रुग्ण असतात. प्रत्यक्षात हा आकडा तिन्ही पाळ्या मिळून असतो. 40 खाटांच्या वॉर्डाला या हिशेबाने साधारण 13 पदे येतात आणि राखीव धरून 17. साप्ताहिक सुट्टी, रजा, नाइट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी) वजा जाता रोज 13 जणी हजर राहिल्या, तर सकाळी सहा, दुपारी चार आणि रात्री तीन अशी विभागणी होते. म्हणजे सगळी पदे भरलेली असली आणि कोणीही आजारी पडले नाही, तरीसुद्धा रात्री एकीच्या वाट्याला तेरा रुग्ण येतात.

त्याहून मोठी मेख अशी, की निकष खाटा मोजतो, रुग्ण मोजत नाही. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांतले मेडिसीनचे वॉर्ड ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहेत त्यांना 'फ्लोअर बेड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकलेली असते, सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली असते आणि सिस्टर गुडघ्यांवर बसून शीर शोधत असते. आकृतिबंधाच्या, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्याच्या, दृष्टीने मात्र हा रुग्ण अस्तित्वातच नसतो, कारण त्याच्या नावावर मंजूर खाट नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना आठवते. आम्हाला त्यापेक्षा त्यानंतरचा ऑगस्ट जास्त आठवतो. गुडघाभर, कमरेभर पाण्यातून चालत घरी गेलेली माणसे लेप्टोस्पायरोसिसचा ताप घेऊन येऊ लागली. मी तेव्हा पुरुषांच्या मेडिसीन वॉर्डात होते. मंजूर खाटा 40. एका रात्री बाराच्या गणतीला रुग्ण 67 आणि आम्ही दोघी. त्याआधी मी तीन अर्ज केले होते. तिन्हींत 'मनुष्यबळ अपुरे आहे, तरी कृपया व्हावे' अशीच भाषा होती आणि तिन्ही अर्ज 'मंजूर खाटांनुसार पदे भरलेली आहेत' असा शेरा घेऊन परत आले होते. शेरा लिहिणाऱ्याचे काही चुकले होते असे मी आज म्हणणार नाही. त्याच्या समोर जे होते, त्यावर तो दुसरे काय लिहिणार होता?

त्या रात्री मी एका जुन्या इंडेंट बुकच्या (सामान मागवायच्या वहीच्या) कोऱ्या पानांवर रेघा मारून पाच रकाने आखले: बारा वाजताची रुग्णसंख्या, त्यांपैकी खाटेवर किती, जमिनीवर किती, ड्यूटीवर किती जणी, आणि पाचवा रकाना म्हणजे रात्री बाराचे इंजेक्शन शेवटच्या रुग्णाला प्रत्यक्षात किती वाजता मिळाले. लेप्टोच्या रुग्णाला पेनिसिलिन सहा-सहा तासांनी जायला हवे. पहिल्या रात्री पाचव्या रकान्यात मी 1.50 असे लिहिले. पुढच्या डोसची वेळ सकाळी सहा. एका डोसला दोन तास उशीर होऊन दुसरा वेळेवर दिला, तर मधले अंतर चार तासांवर येते, आणि दुसराही उशिरा दिला तर दिवसाचे सगळे वेळापत्रक सरकत जाते. प्रत्येक रात्रपाळीच्या सिस्टरने ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, तो रकाना भरायचा, असे आम्ही आपसात ठरवले. सहा आठवड्यांनी ती वही घेऊन आमच्या अधिसेविका अधिष्ठात्यांकडे (डीनकडे) गेल्या. या वेळी सोबतच्या पत्रात 'कृपया' एकदाच होते आणि आकडे भरपूर होते.

त्याचे फलित छोटेच होते. 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात ठरलेल्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डांतून मेडिसीनच्या प्रत्येक वॉर्डाला रात्री एक जास्तीची परिचारिका द्यावी, आणि ती मंजूर खाटांवर न ठरवता प्रत्यक्ष रुग्णसंख्येवर ठरवावी, असे परिपत्रक निघाले. पुढे ते दर पावसाळ्यात निघू लागले. पदे वाढली नाहीत, रिक्त जागा रिक्तच राहिल्या. पण रुग्ण मोजायचा, खाट नव्हे, ही गोष्ट त्या रुग्णालयाने लेखी मान्य केली, आणि मी माझ्या आयुष्यात घडवलेले पहिले धोरण म्हणून त्याच कागदाकडे बघते.

हाच पाचवा रकाना जगात इतरांनी फार मोठ्या प्रमाणावर भरला आहे. 2014 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेन स्वतः परिचारिका आहेत. युरोपातील 9 देशांतल्या 300 रुग्णालयांतील, शस्त्रक्रिया झालेल्या 4,22,730 रुग्णांची माहिती तपासून त्यांनी दाखवले, की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने परिचारिका आणि रुग्ण यांचे किमान प्रमाण 1999 मध्ये कायद्यात घातले आणि 2004 पासून ते लागू केले. त्यामागे तिथल्या परिचारिका संघटनेचा अनेक वर्षांचा रेटा होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने 2016 मध्ये तसाच कायदा अमलात आणला. तिथे मागणी मांडताना 'आम्ही थकतो' या वाक्याने सुरुवात झाली असेलही, पण कायदा झाला तो 'रुग्ण दगावतो' हे सिद्ध करता आल्यामुळे. आपल्या थकव्याला किंमत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र वित्त विभागाच्या टेबलावर थकवा पोचत नाही, पुरावा पोचतो.

खरेदीचे थोडक्यात सांगते. एका वर्षी सर्वांत कमी दराच्या निविदेवर बालरोग विभागासाठी कॅन्युला आल्या. लहान मुलाच्या हातात घालताना त्यांचे टोक दुमडायचे. एकेका बाळाला तीन-तीन वेळा टोचावे लागायचे, आणि बाहेर उभी असलेली आई आपल्यालाच दोष द्यायची. आमच्या एका परिसेविकेने आठवडाभर निकामी झालेली प्रत्येक कॅन्युला तारीख लिहून सुरक्षित डब्यात ठेवली आणि बैठकीच्या दिवशी तो डबा समितीपुढे ठेवला. एका यशस्वी कॅन्युलामागे किती वाया गेल्या हे मोजल्यावर स्वस्त माल महाग पडला होता हे लेखाधिकाऱ्यांनीच कबूल केले. त्यानंतर विनिर्देश, म्हणजे माल कसा असावा याच्या अटी, ठरवताना एक परिसेविका बोलावली जाऊ लागली.

आता ज्या प्रकरणात मुंबईच्या परिचारिकांनी खरोखर देशाच्या धोरणाला हात घातला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याच व्यवसायात आज ते केवळ एक करुण कहाणी म्हणून सांगितले जाते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला रक्तपुरवठा थांबल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि 18 मे 2015 रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळपास 42 वर्षे, वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्ल्यानंतर शहरातल्या परिचारिका संपावर गेल्या आणि त्यांनी अरुणांसाठी तसेच स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मागण्या मांडल्या. 1980 च्या दशकात अरुणांना केईएममधून हलवण्याचा विचार सुरू झाला तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेला तो विचार सोडून द्यावा लागला.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा न्यायालयापुढे मूळ प्रश्न आला तो असा, की जी व्यक्ती स्वतः बोलू शकत नाही तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की रात्रंदिवस तिची काळजी घेणारे केईएमचे कर्मचारी हेच तिचे खरे निकटचे आप्त ठरतात, आणि त्यांची इच्छा तिने जगावे अशी आहे. याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला (जगवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला) उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर भारतात प्रथम वाट करून दिली. परिचर्येच्या दृष्टीने त्यात एक मोठे तत्त्व होते: रोज अंग पुसणारी, कूस बदलणारी, भरवणारी व्यक्ती रुग्णाबद्दल असे काही जाणते जे निर्णयाच्या वेळी ऐकलेच पाहिजे. इतकी वर्षे खाटेवर असूनही त्यांना शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ दिला नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा होता?

पुढे काय झाले ते पाहा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. आता उपचार थांबवायचे की नाही हे ठरवायला रुग्णालयात प्राथमिक वैद्यकीय मंडळ बसते, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान 5 वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यावर दुय्यम मंडळ, तेही डॉक्टरांचेच. परिचारिकेला त्यात जागा नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्याच्या भीषण घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांतील सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्या आदेशात अरुणा शानबाग यांच्यावरील हल्ल्याचा उल्लेख आहे, आणि कृतिदलाच्या यादीत सर्व तज्ज्ञ डॉक्टर आणि पदसिद्ध अधिकारी आहेत. परिचारिका एकही नाही. हे वाचले तेव्हा मला खूप वाईट वाटले आणि आजही वाटते. त्यातल्या कोणाच्याही योग्यतेबद्दल मला शंका नाही. परंतु रात्री दोन वाजता अंधाऱ्या जिन्यावरून रक्तपेढीत जाते कोण, कपडे बदलायची खोली वॉर्डापासून किती लांब आहे, दारूच्या नशेतल्या नातेवाइकाचा पहिला सामना कोणाला करावा लागतो, हे ज्यांना रोज भोगावे लागते त्यांना विचारल्याशिवाय सुरक्षिततेचे नियम पुरे होत नाहीत. महाराष्ट्रात आरोग्यसेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध 2010 पासून कायदा आहे आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. कायदा संरक्षण देतो तो हल्ला घडून गेल्यानंतर. जिन्यात दिवा लागतो तो समितीत कोणीतरी 'तिथे अंधार आहे' असे सांगितल्यावर.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग प्रतिनिधित्वाचा आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानुसार प्रत्येक राज्य परिषदेने निवडून दिलेली परिचारिका केंद्रीय परिषदेत जात असे. ऑगस्ट 2023 मध्ये त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला. त्यात 29 सदस्यांचा आयोग आहे आणि अध्यक्षपदी परिचर्येतील पदव्युत्तर पदवी तसेच किमान 20 वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीच असावी अशी अट आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण निवडणुकीची जागा मुख्यत्वे नियुक्तीने घेतली आहे, आणि मला वाटते याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. निवडून येणारी व्यक्ती मत मागायला तुमच्या वसतिगृहात येते, तिला प्रश्न विचारता येतो. नियुक्त सदस्याला प्रश्न विचारायचा तर लेखीच विचारावा लागेल आणि तो संघटनेमार्फत सातत्याने विचारावा लागेल.

संघटनेबद्दल तरुण परिचारिकांच्या मनात संकोच असतो, तो मी समजू शकते. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया 1908 पासून आहे, तरी अनेकींना तिचे सदस्यत्व म्हणजे परिषदेच्या नोंदणीसारखे एक कार्ड वाटते. याच संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या जानेवारीत खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितले आणि 50 खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही वेतन महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावे अशी शिफारस झाली. शिफारस देशभरासाठी होती. केरळमध्ये परिचारिका रस्त्यावर उतरल्या, चिकाटीने बसल्या, आणि 2018 मध्ये तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्या शहरात, उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये, पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या मुली आजही त्याहून कमी पगारावर बारा-बारा तास उभ्या आहेत, आणि त्यांची मूळ प्रमाणपत्रे काही ठिकाणी मालकाच्या कपाटात आहेत. सार्वजनिक रुग्णालयात कायम असलेल्या आपण त्यांच्यासाठी बोललो नाही, तर त्या एकट्या बोलू शकणार नाहीत.

तुम्ही विचारले आहे, काय करावे. सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेत असाल तर वर्तणूक नियमांमुळे वृत्तपत्राकडे धाव घेता येत नाही, आणि ते बरेही आहे. बातमी दोन दिवस चालते, फाइल अनेक वर्षे. परंतु वरिष्ठांमार्फत लेखी प्रस्ताव देण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. प्रस्तावात एकच मागणी असावी, मागणीमागे निदान महिनाभराची नोंद असावी, ती मान्य केल्यास खर्च किती आणि न केल्यास रुग्णाचे काय होते हे दोन्ही लिहिलेले असावे, आणि पोच घेतलेली प्रत तुमच्याजवळ असावी. राजपत्रात जेव्हा नियमांचा मसुदा येतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिलेली असते. त्या मुदतीत डॉक्टरांच्या संघटनांची, रुग्णालय मालकांची आणि औषध कंपन्यांची पत्रे जातात. परिचारिकांची फार थोडी जातात, आणि मराठीत लिहिलेले पत्रही तितकेच ग्राह्य असते हे अनेकींना ठाऊकच नसते.

रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीपासून सुरुवात करा, असे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकीला सांगत आले. तिथे परिचारिकेला जागा असते, कारण तिच्यावाचून ते काम चालत नाही. सुई टोचल्याच्या घटना, रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी) किती दिवस होता, हात धुण्याच्या जागेचे अंतर, चुकीने पिवळ्या पिशवीत पडलेला तीक्ष्ण कचरा, यांची मोजदाद तिथे शिकायला मिळते, आणि डॉक्टर, लेखाधिकारी, अभियंता यांच्यासमोर आकडा घेऊन न अडखळता बोलायची सवय होते. पहिल्या दोन-तीन बैठकांत कोणी फारसे ऐकणार नाही. इतिवृत्तात तुमचा मुद्दा आला आहे की नाही ते मात्र प्रत्येक वेळी तपासा, आणि आला नसेल तर पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच दुरुस्ती मागा. मला एका मुद्द्यासाठी, तो केवळ जेवणाच्या ट्रॉलीचा मार्ग बदलण्याचा होता, सलग चार बैठकांत अशी दुरुस्ती मागावी लागली होती. पाचव्या बैठकीत अध्यक्षांनी स्वतःच विचारले, "सिस्टर, तुमच्या ट्रॉलीचे काय झाले?" आणि अभियंत्यांना त्याच दिवशी वॉर्डात पाठवले.